आजोबांची वही आणि कुरडयांचा चीक

वाचकाचं पत्र:

ताई, मी अमळनेर तालुक्यातली. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय रसायनशास्त्र. कॉलेजच्या सहलीत चाळीसगावजवळचं पाटणं आणि अजिंठा पाहिलं, तेव्हापासून डोक्यात एकच घोकतेय की वारसा जतनाचं शिक्षण घ्यायचं. मोबाईलवर शोधलं तर दहा नावांचे दहा कोर्स दिसतात आणि डोकं गरगरतं. वडील म्हणतात, ‘दगडे पुसीसन पोट भरस का?’ त्यांना वाटतं मी बी.एड. करावं. सर म्हणाले, केमिस्ट्री वाया जाईल.

दुसरं असं, की आमचं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर दिवाळीनंतर पाडून स्लॅबचं बांधायचं ठरलंय. आजोबांची ट्रंक माझ्या वाट्याला आली. तिच्यात मोडी कागदांचं एक बोचकं आहे, आणि आजोबा जी वही म्हणायचे, म्हणजे डफावरची गाणी, ती त्यांनी स्वतः उतरवलेली एक शाळेची वही. आजोबा आता नाहीत. वहीच्या पानांना हात लावला की कडा तुटून येतात. झेरॉक्सवाला म्हणतो लॅमिनेशन करून टाक, कायमचं काम होईल. करू का? आणि वडील दर वर्षी गढीची पांढरी माती धाब्यावर टाकतात, तर मागच्या खेपेला तिच्यातून रंगीत खापरं निघाली. मी ती डब्यात ठेवलीत. माझे काका देवळाच्या जीर्णोद्धार समितीत आहेत. — ट्रंकवाली

ट्रंकवाले,

लॅमिनेशन नको. बाकीचं उत्तर नंतर वाच, आधी झेरॉक्सवाल्याला नाही म्हणून सांग.

आता का ते सांगते. लॅमिनेशन म्हणजे कागदावर प्लास्टिक तापवून चिकटवणं. एकदा बसलं की बसलं. काढायला गेलं तर शाईही त्याच्यासोबत उचलून येते. शिवाय कागदाच्या पोटात जे चाललंय ते प्लास्टिकच्या आत तसंच चालू राहतं. काय चाललंय ते खरं तर तू मला सांगायला हवंस. कागद म्हणजे सेल्युलोज. आम्ल आणि ओल मिळाली की सेल्युलोजची लांब साखळी मधेमधे तुटायला लागते. परीक्षेत दहा मार्कांना लिहिलेलं ते ॲसिड हायड्रॉलिसिस हेच, तुझ्या आजोबांच्या वहीत रात्रंदिवस चाललेलं. साखळी आखूड झाली की कागद वाकत नाही, मोडतो. कडा तुटतात त्या म्हणून.

एक काम कर. मोडीचं बोचकं आणि वही शेजारी शेजारी ठेव आणि दोन्हीचा एकेक कोपरा नुसता बघ. बहुतेक असं दिसेल की शे-दीडशे वर्षांचा मोडी कागद अजून मऊ, चिवट आहे आणि पन्नास-साठ वर्षांची वही मात्र पापडासारखी झालीय. जुना हातकागद चिंध्यांचा असायचा, धागा लांब, वेरूळ-दौलताबादकडचा कागदीपुऱ्याचा कागद त्यासाठी नावाजलेला होता. शाई काजळीची. काजळी म्हणजे कार्बन, तो फिका पडत नाही. शाळेच्या वहीचा कागद गिरणीतला, लाकूड-बांबूच्या लगद्याचा, त्यात शाई फुटू नये म्हणून तुरटी आणि राळ घातलेली. म्हणजे आम्ल बाहेरून आलं नाही, ते जन्मापासून वहीच्या अंगातच आहे. घरातली माणसं मोडीच्या बोचक्याला हळद-कुंकू लावतील आणि वही रद्दीत टाकतील. धोका मात्र वहीला जास्त आहे. आधी तिच्याकडे बघ.

काय करायचं? फार काही करायचं नाही, हेच अवघड असतं. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, एकेक पान जसं उघडेल तसं टिपून घे. जे पान उघडत नाही ते उघडू नको. वर्तमानपत्रात गुंडाळू नको, त्याच्यासारखा आंबट कागद दुसरा नाही. खळ नसलेलं, स्वच्छ धुतलेलं सुती कापड चालेल. रबरबँड, टाचण्या, डांबरगोळ्या बाहेर. वास हवाच असेल तर आपल्या म्हाताऱ्या पोथ्यांत वेखंड ठेवायच्या तसं वेखंड पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेव, कागदाला लागू देऊ नको. ट्रंक दोन विटांवर, भिंतीपासून हातभर लांब. आणि पत्र्याखालच्या माळ्यावर तर अजिबात नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, पत्र्याखाली त्याहून वर. दहा अंश वाढले की अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो हे तुला अऱ्हेनियसनं शिकवलंय. वहीजवळ लिहायचं तर पेन्सिलनं, पेन दुसऱ्या खोलीत.

मला हे सगळं आधीपासून ठाऊक होतं असं समजू नको. तुझ्याच वयाची असताना मी आमच्या आत्याच्या लग्नाची याद (देण्याघेण्याची यादी) सेलोटेपनं जोडली होती. मोठ्या अभिमानानं. दहा-बारा वर्षांनी टेप वाळून आपोआप गळून पडला, मागे राहिला चिकट तपकिरी पट्टा आणि त्या पट्ट्याखालची ‘शेला’, ‘गूळ’, ‘मानपान’ ही ओळ गेली ती गेलीच. अजून ती याद माझ्याकडे आहे. नवीन कोणी शिकायला आलं की आधी तीच दाखवते.

मग फाटलेला कागद जोडतात कशानं? आता गंमत ऐक. जगभरातले कागदतज्ज्ञ पातळ जपानी कागदाची पट्टी लावतात आणि ती चिकटवतात गव्हाच्या सत्त्वाच्या खळीनं. म्हणजे तुझी आई चैत्रात कुरडया घालायला गहू भिजवते, रोज पाणी बदलते, वाटते, गाळते, निवळू देते आणि तळाला जो पांढरा चीक बसतो, तोच. त्यातला चिकट प्रथिनांचा भाग काढून टाकलेला, शुद्ध केलेला. तो का, तर धरून ठेवतो पण कागदापेक्षा जोर करत नाही, आणि पन्नास वर्षांनी कुणाला वाटलं की हे काम चुकलं, तर ओलसर करून अलगद काढता येतो. (लगेच स्वयंपाकघरात जाऊ नको. घरच्या चिकात आंबवण असतं, मीठ पडलं असेल, आणि झुरळांना तर मेजवानी.)

‘नंतर काढता आलं पाहिजे’ ही अट या विषयाचा कणा आहे. तू अजिंठा पाहिलास म्हणून तिथलंच सांगते. निजामाच्या राज्यात १९२० च्या सुमारास चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन जाणकार इटलीहून बोलावले. सुटलेले पोपडे त्यांनी पुन्हा भिंतीला धरवले, ते काम मोलाचं झालं. पण वरून लाखेचं रोगणही दिलं. तेव्हा चित्रं झळाळली असतील. पुढं रोगण पिवळं पडलं, त्यावर धूळ आणि धूर बसला, आणि ज्या चित्रांसाठी लोक सातासमुद्रापलीकडून येतात ती तपकिरी काचेआडून बघावीत तशी दिसू लागली. लाख स्पिरिटात विरघळते खरी, पण जुनी झाली की हट्टाला पेटते. ते रोगण वीतभर-वीतभर उतरवत पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांच्या पिढ्या गेल्या. रसायनतज्ज्ञ म्हटलं मी, लक्षात आलं ना? भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणात रसायनतज्ज्ञाची जागा १९१७ पासून आहे. आज तिला विज्ञान शाखा म्हणतात, मुख्यालय देहरादूनला, आणि तिथल्या वरच्या पदांना रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते. तुझ्या सरांना माझा नमस्कार सांग.

आता दहा नावांच्या दहा कोर्सांकडे येऊ. माझं मत जरा तिरकं आहे. ‘वारसा’ असा विषय नसतो. कागद असतो, दगड असतो, लाकूड, कापड, चित्र, आवाज असतो. ज्यानं कागद शिकला त्याला दगडाचं विचारलं तर प्रामाणिक माणूस ‘मला माहीत नाही’ म्हणतो. म्हणून कोर्सचं नाव बघण्याआधी कुठली वस्तू तासन्‌तास हाताळत बसायला आवडेल ते ठरव. पत्रावरून मला वाटतं, तू कागदाची आहेस. खापरांवर तू दीड ओळ लिहिलीस आणि वहीवर अर्धं पान.

तसं असेल तर बी.एस्सी. नीट पूर्ण कर. त्यानंतर दिल्लीतल्या राष्ट्रीय संग्रहालयासोबत १९८९ मध्ये सुरू झालेली संस्था आहे, आता नोएडात ‘भारतीय वारसा संस्था’ या नावानं चालते. तिथं कलावस्तूंचं संवर्धन, संग्रहालयशास्त्र आणि कलेतिहास असे वेगवेगळे अभ्यासक्रम आहेत. तुझ्यासाठी संवर्धन. लखनौला १९७६ पासून राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाळा आहे, तिथं प्रशिक्षणं होतात. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं संवर्धन केंद्र आहे. आणि सगळ्यात सोयीचं म्हणशील तर बडोदा. महाराजा सयाजीराव विद्यापीठातला संग्रहालयशास्त्र विभाग १९५२ चा, देशात या विषयाची सुरुवातच तिथली. अमळनेरला सुरतेची गाडी धरायची, पुढं बडोदा. घरच्यांना दिल्लीपेक्षा ते पचायला सोपं जाईल. उत्खनन, खापरं, शिलालेख यांच्याकडे ओढा निघाला, तर पुण्याचं डेक्कन कॉलेज. देवळं-वाडे-किल्ले यांची प्रत्यक्ष दुरुस्ती मात्र वास्तुविशारदाच्या वाटेनं जाते, ती तुझी वाट नाही.

पोटाचं विचारलंस, तर वडील खोटं बोलत नाहीत. सरकारी जागा थोड्या निघतात, उशिरा निघतात. खाजगी संवर्धन कार्यशाळांमध्ये सुरुवातीची काही वर्षं कंत्राटी काम आणि बेताचा पगार. ज्या घरात यंदाच्या कापसावर पुढचं वर्ष ठरतं त्या घरात हे झाकून ठेवणं मला बरोबर वाटत नाही. पण बी.एड. हाही काही हुंडीसारखा वटणारा कागद राहिलेला नाही, हे तुझ्या गावातल्या पदवीधरांकडे बघून वडिलांनाही दिसत असेल. यूजीसीच्या ‘नेट’ परीक्षेत संग्रहालयशास्त्र व संवर्धन हा स्वतंत्र विषय आहे, म्हणजे प्राध्यापकीची वाटही बंद नाही. एम.एस्सी. करून मग संवर्धनाकडे वळलीस तर दोन्ही दरवाजे उघडे राहतात. वर्षं दोन जास्त जातील. माझी मुलगी असती तर मी हेच सुचवलं असतं.

आणि वडिलांशी बोलताना एक गोष्ट काढ. ते दर वर्षी मिरगाच्या आधी धाब्यावर चढतात, उंदरांची बिळं बुजवतात, पन्हाळी साफ करतात, नवी माती पसरून चोपतात. कुणी सांगितलं नाही, अनुदान नाही. घर गळण्याआधी घराकडे बघायचं. आमच्या क्षेत्रात याला प्रतिबंधक जतन म्हणतात आणि त्याच्यावर परिषदा भरतात. तुझ्या आजोबांनी तेच केलं म्हणून ते घर आजवर उभं आहे. ‘दादा, तुम्ही जे धाब्यावर करता ते मला कागदावर करायचंय’ एवढं म्हणून बघ. पटेलच असं नाही, पण ‘दगडं पुसणं’ हा शब्द पुन्हा निघणार नाही.

घर पाडण्यावरून भांडू नको. माळवदाखाली पावसाळे काढलेली तुझी आई आहे, तू नाहीस. पाडण्याआधीचे चार रविवार मात्र माग. टेप घे, चौकटी-आखणीची वही घे आणि खणाखणानं घर मोजून काढ. तुळया किती, कुठल्या लाकडाच्या, देवळ्या कुठं, धान्याची पेवं होती का. प्रत्येक गोष्टीला घरात जो शब्द आहे तोच लिही, अहिराणीतच. ‘शुद्ध’ करू नको. गावात कोणी जुना सुतार असेल तर त्याला एक दिवस चहाला बोलव आणि तो वर बघून काय काय बोलतो ते टिपून घे. घर जाईल, पण कसं होतं ते कुणाला सांगता येणार नाही अशी वेळ येणार नाही.

देवळाच्या जीर्णोद्धार समितीत तुझे काका असल्याचं पत्राच्या शेवटी लिहिलंस, त्यांच्यासाठी थोडं. जतन म्हणजे आहे ते टिकवणं. जीर्णोद्धार म्हणजे नव्यानं उभारणं. दोन्हीला जागा आहे, पण जुन्या वास्तूंच्या जतनासाठी केलेल्या १९६४ च्या व्हेनिस सनदेत एक रेघ आखून ठेवलीय: जिथं अंदाज सुरू होतो तिथं हात थांबला पाहिजे. काळ्या पाषाणावर ऑइलपेंट आणि गाभाऱ्यात बाथरूमच्या फरशा, हा अंदाजसुद्धा नव्हे. सांध्यात सिमेंट भरायला निघाले तर तेवढं थांबव. सिमेंट दगडापेक्षा आडमुठं, ओल कोंडून ठेवतं आणि स्वतःतले क्षार दगडाला देतं. चुना श्वास घेऊ देतो.

खापरं. डब्यात ठेवलीस ते ठीक, पण कुठून निघाली ते लिहून ठेवलंस का? गढीच्या कुठल्या अंगाला, वरून किती खोल? तो थर कळला नाही तर खापर नुसतं शोभेचं. खान्देशात अशी पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीची, टेकाडं गावोगाव आहेत. गिरणेकाठचं बहाळ, तापीकाठचं प्रकाशे इथं १९५० च्या दशकात शास्त्रीय उत्खननं झाली आणि हजारो वर्षांच्या वस्तीचे थर निघाले. तापीवरच्या सावळद्याच्या नावानं तर चारेक हजार वर्षांपूर्वीची एक अख्खी खापर-परंपरा ओळखली जाते. तुमच्या गढीत तेवढं जुनं असेल असं मी म्हणत नाही, कदाचित दोन-तीनशे वर्षांचंच असेल. स्वतः मात्र उकरायचं नाही. फोटो काढ, जागा लिही, राज्य पुरातत्त्व विभागाच्या नाशिक कार्यालयाला साधं पत्र टाक, एक प्रत तहसीलदारांना. आणि यंदा घर उतरवायचंच आहे तर धाब्याला माती लागणार नाही, तेव्हा गढीला यंदा तरी सुट्टी द्या.

मोडी वाचायला शीक, पुराभिलेख विभागाचे वर्ग लागतात. एकदा धुळ्याला जाऊन ये. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव दप्तरं हुडकली, ३१ डिसेंबर १९२६ ला ते धुळ्यातच वारले, आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथं आहे. समर्थ वाग्देवता मंदिरातली हस्तलिखितं बघ. बोचकं सोबत नेऊ नको, मोबाईलमधले फोटो ने. आणि कुणी ‘जुने कागद घेतो’ म्हणत दारात आलाच, तर चहा पाजून वाटेला लाव. पंचाहत्तर वर्षांपुढची ऐतिहासिक, वाङ्मयीन मोलाची हस्तलिखितं १९७२ च्या कायद्यात पुरावस्तू धरतात, त्यांच्या विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो.

शेवटी वही. पाटण्याला गेलीस तेव्हा तिथल्या शिलालेखाचं कुणी सांगितलं का? भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादवांचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यानं तिथं मठ काढला, इ.स. १२०७ च्या सुमाराला. लेखाचा शेवटचा भाग त्या काळच्या मराठीत आहे आणि मठाच्या खर्चासाठी पेठेतल्या मालावरचा कुठला वाटा द्यायचा ते त्यात बांधून दिलंय. त्या नातवाला आजोबांची पोथी पेटीत ठेवून भागणार नव्हतं. शिकवणारा हवा होता आणि त्याच्या जेवणाची सोय हवी होती. तुझ्या तालुक्यापासून दोन-तीन तासांवरची गोष्ट आहे ही.

तुझ्या आजोबांची वही म्हणजे म्हणायची वही. कागदावर शब्द आलेत, चाल आलेली नाही. कुठं दोघांनी उचलायचं, डफ कुठं थांबतो, काही आलेलं नाही. युनेस्कोनं २००३ मध्ये या न दिसणाऱ्या वारशासाठी वेगळा करार केला, पण तुला त्यासाठी कुठल्या कोर्सला प्रवेश घ्यायला नको. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पीतांबर चौधरी यांनी ऐकून उतरवून घेतलं म्हणून ती गाणी आज आपल्या तोंडी आहेत. उतरवणारा घरातलाच होता.

आजोबांच्या शेजारी बसणारे कोण कोण होते, त्यातले किती उरलेत, याची यादी आजच आईकडून करून घे. एखादा जळगावला मुलाकडे गेला असेल, एखाद्याला ऐकू येत नसेल. नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्या खान्देशची देवी कानबाई बसेल, तेव्हा डफ पुन्हा खुंटीवरून निघतो. तोवर थांबू नको, त्याआधी एकेकाला घरी जाऊन भेट आणि हे कशासाठी हवंय ते सांगून त्यांची परवानगी माग. वही सोबत नको, फोटोवरून पानांच्या पहिल्या ओळी दुसऱ्या वहीत उतरवून ने आणि नुसती ओळ वाचून गप्प बस. पुढची ओळ ते म्हणतील. मोबाईल पुरता चार्ज असू दे, पंखा बंद कर, आणि रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर पहिल्यांदा तारीख, गाव आणि गाणाऱ्याचं नाव तूच मोठ्यानं बोल.

तुझी ताई